आंघोळीच्या वेळी घरी जा

जबलपूरच्या परिचारिका आणि घरी मदतनीस पुरवणारे ब्युरोचालक यांच्या पत्रांत यंदा एकच तक्रार आहे: लोक आपल्याला बोलावतात ते खुबा मोडल्यावर, नाहीतर पाठीला बेडसोअर झाल्यावर. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. राइट टाउन, नेपियर टाउनमधल्या जुन्या घरात गन कॅरेज फॅक्टरीतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले वडील आणि त्यांच्याहून थकलेली आई. दिवाळीला मुले चार दिवस येतात. आईचे उतरलेले वजन, विजेच्या बिलावरचा दंड, गोळ्यांच्या अर्ध्या तशाच पडलेल्या पट्ट्या पाहतात, ‘वयच झालंय’ म्हणतात आणि परत जातात. तक्रार खरी आहे.

सरकारी हिशेबात तर घरात होणाऱ्या या झिजेला जागाच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, त्याचे स्वागत आहे. त्या कार्डावर मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया होते, डिस्चार्जनंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्चही धरला जातो. खुबा मोडू नये म्हणून सकाळी दोन तास येणाऱ्या मदतनिसासाठी मात्र एक पैसा नाही. केंद्राच्या पेन्शनरांची मूळ पेन्शन ८० पूर्ण झाल्यावर २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०. ८२ व्या वर्षी रोज ग्वारीघाटपर्यंत फिरून येणाऱ्याला वाढ मिळते, ती मिळावीच. पण ७४ व्या वर्षी पार्किन्सनने जखडलेल्या माणसाने सहा वर्षे कशाच्या जोरावर काढायची? त्याची अवस्था कोणी विचारत नाही, जन्मतारीख विचारतात.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयकात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा आणि प्रशिक्षित मदतनीस यांची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली तेव्हा तेही बारगळले. आज रायल्स ट्यूब आणि कॅथेटर सांभाळणाऱ्या कितीतरी ब्युरोंकडे दुकानाच्या गुमास्ता परवान्यापलीकडे दाखवायला कागद नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जीव गेले, तेव्हा रुग्णालयांचे परवाने तपासले गेले. घरात पडून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेसाठी कोणी तपास करत नाही, कारण ती कोणाच्याच नोंदवहीत नाही.

पण नोंदणी नाही ही आपली सबब होऊ शकत नाही. आपल्यातले अनेक ब्युरो आजही फोनवर दोनच प्रश्न विचारतात: बाई बारा तासांची की चोवीस, आणि पेशंट उचलावा लागतो का? घर न पाहता माणूस पाठवला जातो. ज्या आजोबांना बाथरूममध्ये धरायला दांडी आणि गोळ्या काढून देणारा हात एवढेच हवे होते, त्यांच्या उशाशी दिवसरात्र अनोळखी माणूस बसतो, पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो, आणि त्यांचे होते तेवढे चालणेही सुटते. जिथे दोन माणसे हवीत तिथे एकटी मावशी जड देह उचलून स्वतःची पाठ कायमची बिघडवून घेते. हे थांबलेच पाहिजे.

रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या कॅट्झच्या सहा बाबींत आधी सुटते ती आंघोळ, जेवण सर्वांत शेवटी. हे १९६३ पासून छापलेले आहे. औषधे आणि पैशांचे व्यवहार, म्हणजे लॉटनच्या यादीतली कामे, बहुधा त्याच्याही आधी डगमगतात. तरी घर पाहायला गेलोच तर आपण जातो संध्याकाळी पाचला, चहाच्या वेळी. पाहुणे आले म्हणून आजी पदर सावरून बसतात, नातवंडांची नावे धडाधड सांगतात, आणि फॉर्मवर सगळीकडे ‘स्वावलंबी’ अशी खूण होते.

सकाळी जा. बाथरूमपर्यंत त्या भिंत धरत जातात का, बादली कोण उचलते, गिझर बंद करायची आठवण राहते का, दुधाचे पातेले किती वेळा करपले आहे, हे पाहा. नवऱ्याला उठवणाऱ्या बायकोला बाजूला घेऊन विचारा, रात्री किती वेळा उठावे लागते. पुष्कळ घरांत मदत आधी तिलाच हवी असते. आधी पेशंटशी बोला, मुलाशी व्हिडिओ कॉल नंतर. पेशंट नको म्हणाला तर तो नकारही लिहा. आढळलेले सारे एका पानावर, तारीख घालून, घरच्यांच्या हाती द्या. दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक डिस्चार्जनंतर ते पुन्हा करा. माणसाची गरज नसेल तर ‘गरज नाही’ असे स्पष्ट लिहा, मग ब्युरोचे एक काम गेले तरी चालेल. भेटीचे पैसे मात्र घ्या. फुकटची भेट घाईत उरकली जाते.

थंडी वाढायच्या आत सुरुवात करा. ज्या घरी आपली बाई आज कामावर आहे पण पेशंटचा फॉर्म कधी भरलाच नाही, त्या घरी पहिल्यांदा जा.