वशिला

महिन्यापूर्वी संध्याकाळी बांद्याला परतताना महामार्गावरच्या एका नाक्यावर मला अडवलं. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. शिपायाने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम ताठ उभा राहिला. "सर, तुमी? जावा, जावा." दहावीला मी त्याला मराठी शिकवलं होतं. शेजारी गोव्याहून रंगकामावरून परतणारा एक पोरगा उभा होता. गुन्हा तोच, पण त्याचं चलन निघत होतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी गाडी चालू केली.

'वशिला' हा शब्द मराठीत अरबीतून आला, मूळचा 'वसीला'. कुरआनात तो अल्लाहच्या जवळ जाण्याचं साधन या अर्थाने येतो. दोन भाषा किती जवळच्या आहेत हे सांगायला मी तो वर्गात हौसेने फळ्यावर लिहितो. त्या संध्याकाळी मीच त्याचं वाक्यात उपयोग करून दाखवलं.

ई-चलन आलं तेव्हा वाटलं होतं, यंत्राला ओळखपाळख नसते. पण यंत्र माणसाच्याच हातात. काही पोलीस स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवत आणि चलन सवडीने टाकत. मधल्या वेळात कुणाचा फोन आला, कुणाचा फोटो पुसला गेला, कोण सांगणार? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी खासगी मोबाइल वापरायला मनाई केली आणि मोडणाऱ्यावर शिस्तभंगाच्या कारवाईचा इशारा दिला. चांगलं झालं. पण अशा कारवाईत सापडेल तो चुकीचं चलन करणारा. न केलेल्या चलनाची नोंदच नसते, तर चौकशी कशाची करणार?

म्हणून अडवलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आधी यंत्रात जावा. सोडायचं असेल तर का सोडलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही तिथेच नोंदवावं. आज ठपका, रोखलेली वेतनवाढ, निलंबन हे सगळं शिपायाच्या वाट्याला; फोन करणारा पुढारी नामानिराळा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २१०-ब आलं. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. आपल्या जिल्ह्यात असे दुप्पट दंड किती झाले, हे माहिती अधिकारात विचारायला हवं.

आपल्या मोहल्ल्यातही बोलायला हवं. दाढी-टोपी पाहून अडवतात ही आपली तक्रार दरवेळी खोटी नसते. पण पोरगा अडकला की आपणही आधी ओळखीच्या नेत्यालाच फोन लावतो. तोंड पाहून सोडायची मुभा दिली, की तोंड पाहून अडवायचीही दिलीच.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. म्हटलं, "माझं चलन का केलं नाहीस?" तो हसला. "सर, आवशीक कळला असता तर तिना माका घरात घेतला नसता."