बंदी आहे म्हणून गप्प का बसायचं?

ई-सिगारेटवर देशभर बंदी असताना तिच्या बॅटरीच्या सुरक्षिततेवर लिहिणं म्हणजे बंदी मोडणाऱ्यांना वाट दाखवणं, असा आक्षेप अनेक सुजाण माणसं घेतात. मुलं नादी लागू नयेत ही त्यामागची तळमळ मला मान्य आहे. २०१९ चा कायदाही मान्य आहे. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक सगळंच त्याने गुन्हा ठरवलं. विक्रेत्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा कडक राबवावा. पण म्हणून बॅटरीबद्दल बोलूच नये, हे काही पटत नाही.

बंदी उपकरणावर आहे, आतल्या सेलवर नाही. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ हा लिथियम-आयन सेल टॉर्चमध्ये असतो, पॉवर बँकमध्येही असतो. वांद्र्याच्या बाजारात मोबाइलची कव्हरं टांगलेल्या टपरीवर सुटा सेल मागितला, तर तो कशात घालणार असं कुणी विचारत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात वसईत ई-स्कूटरची बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावलेली असताना फुटली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. तिथे व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा काहीच संबंध नव्हता, लिथियम-आयन बॅटरीचा होता.

सेलबद्दलचा एक समज असा, की एमएएचचा आकडा जितका मोठा तितका सेल चांगला. या मापाच्या बहुतेक सेलची मजल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते. वेष्टनावर ९८०० छापलं असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. शिवाय एमएएच सांगतो साठा किती. सेल सतत किती अँपिअर झेपवतो, यावर सुरक्षितता ठरते. सॅमसंगचा ‘२५आर’ २५०० एमएएचचाच, पण २० अँपिअर देतो. पॅनासोनिकचा ‘एनसीआर १८६५०बी’ ३४०० एमएएचचा, पण त्याची मर्यादा सात अँपिअरच्या आत. ई-सिगारेटमधली ०.२ ओहमची कॉइल पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलला थेट जोडली, तर ती २१ अँपिअर ओढते. मोठा आकडा पाहून घेतलेल्या सेलवर मग तिप्पट भार पडतो. सेल तापतो, आतला विभाजक पडदा वितळतो आणि उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होत जाते. एकदा हे सुरू झालं की हाताने थांबवता येत नाही.

‘वापरलं नाही तर धोका नाही’ हेही खरं नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदल्या. त्यांतल्या ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल नुसता खिशात होता. सेलचा धातूचा अख्खा डबा हे ऋण टोक असतं. तो वर जिथे वळतो, तिथे धन टोकापासून त्याला वेगळं ठेवतं ते पातळ प्लास्टिकचं आवरण आणि एक छोटी चकती. आवरण फाटलं आणि किल्ली टेकली, की सेल शॉर्ट.

मग व्हेपसाठी सुरक्षित सेल कोणता? माझं उत्तर : कोणताही नाही. सॅमसंग एसडीआय आणि एलजीसारखे उत्पादकच सांगतात, की आमचे सुटे सेल या कामासाठी नाहीत. ते उपकरण सोडणं हीच निवड.

टॉर्चसाठी किंवा इतर कामासाठी सेल घ्यायचा, तर बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. आयएस १६०४६ या मानकाखालचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा. काट्यावर ठेवून पाहा : अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३०-३५ भरला, तर परत करा. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा, चार्जिंग जागेपणी करा आणि बाद सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

वांद्र्याच्या शाळांनी आणि सोसायट्यांनी हे मुलांसमोर उघडपणे बोलावं. भीतीपोटी लपवलेला, फाटक्या आवरणाचा सेल दप्तरात किल्ल्यांशेजारी पडून राहतो. तो मुलाने आधी आपल्या हातात आणून द्यावा, एवढा विश्वास घरात हवा. शिस्तीचं बोलणं त्यानंतर.