सेवा म्हणजे जवळ राहणें

आमचा नातू यंदा अकरावींत आहे. त्याच्या शाळेंत इंटरनॅशनल बॅकॅलोरिएट नांवाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. तो चालविणारी संस्था १९६८ सालीं जिनीव्हा येथें स्थापन झाली. या अभ्यासक्रमांत पुस्तकी विषयांच्या जोडीला सर्जन, शरीरश्रम आणि सेवा अशीं तीन अंगें आहेत. त्यांस गुण नाहींत. पण तीं निदान १८ महिने नेटानें सांभाळल्यावांचून पदविका मिळत नाहीं. त्यांतच एक उपक्रम विद्यार्थ्यांनीं आपसांत मिळून योजावा व तो कमीत कमी एक महिना चालवावा, असा नियम आहे.

एका रविवारीं नातू, त्याचे दोन मित्र आणि दोन मैत्रिणी आमच्या माजघरांत बसून हा उपक्रम ठरवीत होतीं. बेत असा कीं, जवळच्या नगरपालिकेच्या शाळेच्या भिंतीवर मोठें रंगीत चित्र काढावयाचें, मुलांस वह्या वांटावयाच्या आणि छायाचित्रें घ्यावयाचीं. आम्हीं विचारलें, "त्या शाळेला चित्र हवें आहे काय?" पांचही जणें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. नातू किंचित् रागानें म्हणाला, "आजोबा, चित्र कोणाला नको असेल?"

आम्हांस त्याच्यावर रागावतां येईना. कारण हीच चूक आमच्या हातून घडली आहे. १९८८ सालीं आम्हीं आमच्या वर्गाकडून गांवच्या माळावर २०० रोपें लावून घेतलीं. पाहुणे आले, भाषणें झालीं, आमची पाठ थोपटली गेली. पुढच्या जूनमध्यें माळावर गेलों, तों एकही रोप हिरवें नव्हतें. खड्डे कोणीं खणावयाचे हें आम्हीं ठरविलें होतें. उन्हाळ्यांत पाणी कोणीं घालावयाचें हें ठरविलें नव्हतें. तेथें गुरें चारणारा म्हातारा म्हणाला, "मास्तर, मला इचारलं असतं तर हिरीजवळची जागा दावली असती." तें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

ही हकीकत ऐकून मुलें गप्प झालीं, आणि दुसऱ्या दिवशीं त्या शाळेंत जाऊन आलीं. तेथील बाईंनीं सांगितलें कीं भिंत गेल्याच वर्षीं रंगविली आहे. परंतु कपाटांतील गोष्टींचीं पुस्तकें फाटून निरुपयोगी झालीं आहेत, आणि मुलांस वाचून दाखविण्यास कोणाला सवड नाहीं. झालें! बेत पालटला. एका पुस्तकें बांधणाऱ्या कारागिराकडे दोन रविवार बसून मुलांनीं सुटीं पानें जुळविणें, दाभणानें भोकें पाडून शिवण घालणें आणि पुठ्ठा चढविणें शिकून घेतलें. मैद्याची खळ नातवाच्या आजीनें करून दिली. कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. पण लहान मुलांच्या हातीं जाणाऱ्या पुस्तकांत तें विष नको, म्हणून टाळलें. वरचीं चित्रें त्या शाळेंतील मुलांनींच काढलीं. दर शनिवारीं एक तास वाचन आणि नंतर मैदानावर लगोरी, असा क्रम ठरला. तिन्ही अंगें अशीं सहज एकत्र आलीं.

अभ्यासक्रमानें योजनेच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत : शोध, तयारी, कृती, चिंतन आणि निवेदन. आम्हीं त्या कागदावर सहावा रकाना आंखावयास लाविला : "आपण गेल्यावर कोण?" त्यामुळें सातवींतल्या दोन मुलींस शिवण शिकविण्यांत आली व कपाटाची किल्ली त्यांच्या स्वाधीन झाली.

तरीही तिसऱ्या शनिवारीं घोटाळा झालाच. चाचणी परीक्षा होती. प्रत्येकास वाटलें, दुसरा जाईल. कोणीच गेलें नाहीं. नातवानें आपल्या चिंतनाच्या वहींत त्या आठवड्यास दोनच ओळी लिहिल्या : "दोन मुलें फाटकापाशीं तासभर वाट पाहत होतीं, असें बाईंनीं सांगितलें. आम्ही गेलों नाहीं." त्या दोन ओळींत आम्हांस सबंध वहीचें सार्थक दिसलें. तेव्हांपासून प्रत्येक कामापुढें एकाऐवजीं दोन नांवें लिहिलीं जातात.

संस्कृतांत सेव् या धातूचा एक अर्थ जवळ राहणें असा आहे. योजना हा शब्द युज् म्हणजे जोडणें यापासून आला. जवळ गेल्यावांचून सेवा नाहीं आणि माणसें जोडल्यावांचून योजना नाहीं, हें शब्दांनींच आपणांस सांगून ठेविलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें हा महागडा अभ्यासक्रम घेत नसतील. परंतु महाविद्यालयांत १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंतही दोन वर्षांत २४० तास द्यावे लागतात. तेथें आपलीं मुलें किती तास भरलीं, हें विचारूं नये. कोणाला विचारून काम घेतलें, त्यांत कोणाचा हातभार आहे, आणि तुझ्यामागें तें कोण चालवील, एवढेंच विचारावें. आणि मुलांचें काम वडील मंडळींनीं स्वतः उरकून देऊं नये. खळ मात्र करून द्यावयास हरकत नाहीं.