कोंडी कोणाची?

कोंडी हा शब्द आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस नवा नाहीं. पाटाचें पाणी वरच्यानें अडविलें म्हणजे खालच्याचें रान वाळतें, तीच कोंडी. मोठीं राज्यें हेंच काम आरमार व फौज लावून करतात आणि त्यास नाकेबंदी असें भारदस्त नांव देतात. नांव कोणतेंही असो, नियम एकच: ज्याच्या कणगींत दाणा कमी, तो अगोदर मरतो.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश आरमारानें जर्मनीचा समुद्रमार्ग अडविला. १९१६-१७ च्या हिवाळ्यांत तेथें बटाट्याचें पीकही बुडालें आणि गोरगरिबांनीं गुरांना घालावयाचे कंद खाऊन दिवस काढले. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं थांबली. नाकेबंदी पुरती उठली ती जुलै १९१९ मध्यें! कैसर त्या वेळीं हॉलंडांत एका सरदाराच्या गढींत सुखरूप होता. पोट आवळलें तें कामकऱ्यांच्या पोरांचें.

मग कोंडी वाईटच कीं काय? तसें नाहीं. तीच धाकट्याच्या हातीं आली म्हणजे थोरल्यास ऐकावें लागतें. नोव्हेंबर २०२० मध्यें पंजाब-हरयाणाचे शेतकरी तीन शेतीकायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. येतांना ट्रॉल्यांत महिनोन्‌महिन्यांची शिधासामुग्री घेऊन आले. त्यांच्या लंगरांत वाटसरूलाही जेवण मिळे. रस्त्यांत खिळे ठोकले ते पोलिसांनीं! वर्ष उलटत आलें तरी ते हलले नाहींत, आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं कायदे मागें घेत असल्याचें पंतप्रधानांस जाहीर करावें लागलें.

आतां आपल्या वेशीच्या आंत पाहूं. मुंबई सरकारनें १९२८ सालीं नेमलेल्या स्टार्ट कमिटीस काय आढळलें? अस्पृश्य बांधवांनीं आपला हक्क सांगितला कीं गांव त्यांची वाट अडवी आणि दुकानदार त्यांस माल देईना. अडविणारे कोणी परके नव्हते. बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी होते. अशा बहिष्कारास आज २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायद्याच्या धाकानें सुटलेली वाट ही मनानें सुटलेली नव्हे.

बांधवहो, कोणाची वाट अडविण्यापूर्वीं एवढेंच विचारा: समोरचा आपल्याहून थोरला कीं धाकटा? थोरला असेल तर कणगी भरून खुशाल बसा. आजाऱ्याची गाडी मात्र सोडा. धाकटा असेल तर मुकाट्यानें बाजूला व्हा. वाट त्याचीही आहे.