परवाना आला, पेढे थांबवा

बारामती नाहीतर गोंदियाच्या धावपट्टीवर २०० तासांचं उड्डाण भरलं, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती आला, की घरात पेढे वाटले जातात. जरा घाईच होते. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, हा कागद म्हणजे अर्ज करायची मुभा, नोकरी नव्हे. पोराचे बहुतेक तास गेलेले असतात सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानात, आणि कंपनीच्या दारात उभं असतं एअरबस ए३२०. त्या जातीचं विमान चालवायची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, वेगळी घ्यावी लागते; वडिलांच्या खिशाला पुन्हा काही लाखांची कात्री. मग लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, हे सगळं ओघानं आलंच. खरी गंमत सिम्युलेटरमध्ये. परीक्षक ऐन उड्डाणात एक इंजिन बंद पाडतो आणि हातांइतकंच लक्ष तोंडाकडे ठेवतो: हा शेजारच्या वैमानिकाला काही सांगतोय का, विचारतोय का? घुम्या हुशारांची तिथे पंचाईत होते. उरली कागदपत्रं. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते. तेव्हा लॉगबुकातली एखादी खाडाखोड पाहून तपासणाऱ्याने भुवया उंचावल्या, तर त्याचं काय चुकलं?