सातबारा गहाण ठेवून ट्राउट?

तेलंगणात रंगारेड्डी जिल्ह्यातील कंदुकूरला ट्राउट वाढवण्याचा बंदिस्त कारखाना उभा राहिला आहे. ट्राउट म्हणजे काश्मीर-हिमाचलच्या नाल्यांतला थंड पाण्याचा मासा. तो दख्खनच्या उन्हात वाढतो हे ऐकून कोरडवाहू शेतकऱ्याला मोह पडला तर नवल नाही.

तंत्र खरे आहे. विष्ठा व उरलेले खाद्य गाळणीत अडवायचे. माशांनी सोडलेला अमोनिया जिवाणूंच्या गाळणीतून न्यायचा. तेथे त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट होते. आपल्या जमिनीत युरियाचेही शेवटी हेच होते. मग कर्बवायू काढून, प्राणवायू घालून पाणी परत टाकीत. शंभरातले पंचाण्णव लिटर, चांगल्या संचात त्याहून जास्त, पुन्हा वापरले जाते.

उरलेल्या पाचांचा हिशेब मात्र आपणच मांडायचा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मोठा संच धरला होता तो ९० घनमीटरच्या ८ टाक्यांचा. म्हणजे ७ लाख २० हजार लिटर. रोज पाच टक्के बदलले तर ३६ हजार लिटर. ज्या गावाला मे महिन्यात टँकर लागतो त्याने हे कोठून आणायचे?

शिवाय ट्राउटला पाणी १५ अंशांच्या आसपास हवे आणि बाहेर ऊन ४४. थंडाव्याची यंत्रे, पंप, प्राणवायू, सारे चोवीस तास विजेवर. कपाशी आठवडाभर ताण सोसते. दाट भरलेल्या टाकीत पंप थांबला तर मासे मरायला अर्धा तासही पुरतो.

त्या संचाचा खर्च योजनेने ५० लाख धरला, सर्वसाधारण गटाला अनुदान ४० टक्के. उरलेले ३० लाख बँकेचे, आणि तारण सातबारा.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या होमस्टेडला अटलांटिक सफायर कंपनीने २०२० मध्ये जमिनीवरच्या सॅमनची पहिली काढणी केली. बेत २०३१ पर्यंत वर्षाला २ लाख २० हजार टनांचा. मार्च २०२१ मध्ये सुमारे ५०० टन मासे मेले. त्याच सप्टेंबरात डेन्मार्कमधला त्यांचा संच जळाला. कंपनी ऑस्लोच्या शेअरबाजारातून पुन्हा भांडवल आणू शकली. आपल्याला कोण देणार?

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ज्याला परवडते त्याने खुशाल करावे. आक्षेप आहे तो अनुदानाचे आमिष दाखवून जोखीम शेतकऱ्याच्या गळ्यात घालण्याला. ज्वारीला भाव द्यायची वेळ आली की हीच तिजोरी रिकामी असते!

असा प्रकल्प अहवाल कोणाच्या हाती आला असेल तर सही करण्याआधी तो जिल्हा बैठकीला आणावा. विजेच्या बिलाचे पान आधी उघडू.