तुरटीची मुदत

शाळेने मुलांना घरी स्फटिक करायला सांगावेत, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'सोमवारी आणा' याला. निरोप आला शुक्रवारी संध्याकाळी! आता मी पडलो बी. कॉम.; बावीस वर्षं बँकेत लोकांच्या मुदत ठेवी सांभाळतोय. ठेव मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं, एवढंच माझं विज्ञान. पण तुरटीलाही तेच लागू आहे, हे शाळेला कळू नये?

वाण्याकडून पाव किलो तुरटी आणली, गरम पाण्यात विरघळेल तितकी विरघळवली, फडक्यातून गाळली. थोडं पाणी बशीत ठेवलं. सकाळी तळाशी साखरेएवढे खडे! त्यातला देखणा निवडून चिरंजीवांनी दोऱ्याला बांधला आणि मी तो बरणीत सोडला. पाणी अजून कोमट होतं. खडा विरघळला, दोरा उरला. (दोष अर्थात चिरंजीवांचा ठरला.) दुसरा खडा पाणी पूर्ण निवल्यावर सोडला.

शेजारच्यांनी मीठ घेतलं होतं. मीठ म्हणजे आमचे हेडकॅशियर. चहा पाजा नाहीतर सरबत, म्हणणं तेच. शंभर ग्रॅम गार पाण्यात ते 36 ग्रॅमच्या आसपास विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. मग पाणी निवल्यावर बाहेर पडणार किती? पाणी उडून जाईपर्यंत वाट बघा. पण सोमवार कुठे वाट बघतो?

सोमवारी आमचा खडा मुगाएवढा होता. दहापैकी चार. शेरा : 'आकार लहान.' नऊ गुण मिळाले त्या बरणीत खडीसाखर होती. दुकानातली, दोऱ्यासकट! अहो, खोटं कशाला बोलू, रविवारी मीही वाण्याकडे तीच खडीसाखर चाचपून आलो होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती आपण केलेली नाही." आता त्या नऊ गुणांकडे बघून तो काय शिकला असेल, ते मला विचारायचं धाडस झालेलं नाही.

मागणी एवढीच : मुदत महिन्याची द्या. आणि गुण खड्याला नकोत, रोज काय दिसलं ते लिहिलेल्या वहीला द्या.

बरणी अजून ओट्यावर आहे. खडा बोराएवढा झालाय, आठ तोंडांचा, साच्याशिवाय. काल दाढी करताना कापलं म्हणून मी तुरटी शोधत तिकडे वळलो, तर चिरंजीव वहीतून मान वर न करता म्हणाले, "हात लावू नका हं."